ऐच्छिक अतिवजनवाढ आणि स्वावलंबन

ऐच्छिक अतिवजनवाढ म्हणजे आजार किंवा औषध हे कारण नसताना, व्यक्तीने स्वतः ठरवून, दीर्घकाळ गरजेहून अधिक आहार घेऊन शरीराचे वजन अतिस्थूलतेच्या पातळीपर्यंत किंवा तिच्याही पलीकडे नेणे होय. कुस्तीसारखा खेळ, विवाहासंबंधीची रूढी, अभिनयातील भूमिका, तसेच स्थूल देहाविषयीचे वैयक्तिक वा लैंगिक आकर्षण अशी तिची निरनिराळी कारणे आढळतात. हेतू कोणताही असला तरी एका मर्यादेनंतर उठणे, चालणे, स्नान, शौच, वस्त्र नेसणे या नित्यक्रिया स्वतःच्या स्वतः करण्याची क्षमता कमी होत जाते. वजन वाढवण्याचा निर्णय एकट्याचा असू शकतो. वाढलेले वजन सांभाळणे मात्र एकट्याच्या हाती राहत नाही. प्रस्तुत लेखात या विषयाची व्यावहारिक बाजू मुख्यतः महाराष्ट्राच्या, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्याच्या संदर्भात मांडली आहे.

संज्ञा आणि मोजमाप

मराठीत वजनवाढीसाठी गौरवाचे शब्द पुष्कळ आहेत. मूल बाळसे धरते, तरुण अंग धरतो, सासरी गेलेल्या मुलीची ‘तब्येत सुधारते’. या सर्व प्रयोगांत वजन वाढणे हे सुबत्तेचे आणि आरोग्याचे लक्षण मानले आहे. अन्नाची टंचाई नित्याची असलेल्या समाजात ते स्वाभाविकही होते. मात्र आयुर्वेदाने फार पूर्वीच याची दुसरी बाजू नोंदवली आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात आठ निंदित देहप्रकारांचे वर्णन असून त्यांत अतिस्थूल आणि अतिकृश या दोहोंचा समावेश होतो. अतिस्थूलाचे जे आठ दोष तेथे सांगितले आहेत, त्यांपैकी एकाचे नाव ‘जवोपरोध’ असे आहे. जव म्हणजे वेग. हालचालीच्या वेगाला होणारा अडथळा असा त्याचा अर्थ. या लेखाचा विषय त्या एका शब्दात सामावलेला आहे.

आधुनिक वैद्यकात स्थूलता मोजण्यासाठी देहभार निर्देशांक वापरतात. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता तो मिळतो. बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ आदोल्फ केतले यांनी एकोणिसाव्या शतकात हे गुणोत्तर मांडले आणि १९७२ मध्ये अमेरिकन संशोधक अँसल कीज यांनी त्याला आजचे नाव दिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार ३० व त्यापुढील निर्देशांक स्थूलतेचा आणि ४० व त्यापुढील तिसऱ्या, म्हणजे सर्वांत तीव्र श्रेणीचा मानला जातो. भारतीयांमध्ये कमी निर्देशांकालाच मधुमेह व हृदयविकार दिसू लागतात, म्हणून येथील तज्ज्ञ २५ पासूनच स्थूलता धरतात. १६५ सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीचे वजन सुमारे १०९ किलो झाले की निर्देशांक ४० होतो. तीच व्यक्ती २०० किलोंची झाल्यास तो ७३च्या पुढे जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातील २४ टक्के स्त्रिया आणि २२.९ टक्के पुरुष २५ वा त्याहून अधिक निर्देशांकाचे आढळले. त्यांतील बहुतेकांचे वजन नकळत वाढलेले असते. ठरवून वाढवणारे थोडे असतात, परंतु वजन वाढल्यावर शरीराला हेतू विचारला जात नाही.

स्वावलंबन मोजण्याची साधने वेगळी आहेत. सिडनी कॅट्झ आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूचीत स्नान, वस्त्र नेसणे, शौचास जाणे, अंथरुणातून वा खुर्चीतून उठून दुसरीकडे जाणे, मलमूत्रावर नियंत्रण आणि स्वतःच्या हाताने जेवणे या सहा क्रिया आहेत. १९६९ मध्ये लॉटन आणि ब्रॉडी यांनी तिला खरेदी, स्वयंपाक, प्रवास, औषधे घेणे, पैशाचे व्यवहार अशा घर चालवण्याच्या क्रियांची जोड दिली. या सूची वृद्धांसाठी तयार झाल्या, तरी अतिस्थूल व्यक्तीच्या स्थितीचे वर्णन करण्यास त्या उपयोगी पडतात.

ठरवून वजन वाढवण्याच्या परंपरा

महाराष्ट्रातील सर्वपरिचित उदाहरण म्हणजे कोल्हापूरच्या तालमींतील पैलवानांचा खुराक. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने वाढलेल्या या परंपरेत दूध, तूप, बदामाची थंडाई, अंडी, मटण यांचा रतीब असतो. कोल्हापुरात कट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध पिण्याची प्रथाही प्रसिद्ध आहे. येथे वजन वाढते ते वस्तादाच्या नजरेखाली. जोर, बैठका, माती खणणे, लढती या मेहनतीशी खुराक बांधलेला असतो, आणि खेळाचे नियमही वरची सीमा घालून देतात. आंतरराष्ट्रीय फ्रीस्टाइल कुस्तीत सर्वांत वरच्या गटाची मर्यादा १२५ किलो आहे. महाराष्ट्र केसरी किताबाची लढतही ८६ ते १२५ किलोंच्या गटात होते. त्यापुढील किलो पैलवानाच्या कामाचे नाहीत. वजन म्हणजेच ताकद या समजुतीला उत्तर म्हणून एवढे सांगितले तरी पुरे, की स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी ५७ किलो गटात मिळवले.

अडचण उद्भवते ती कुस्ती सुटल्यावर. आखाडा सुटतो, पण खुराकाची सवय सुटत नाही. गुडघा किंवा खांदा दुखावून अकाली थांबलेल्या पैलवानाचे अंग सुटू लागते आणि ज्या देहाला कालपर्यंत पठ्ठे मालीश करीत होते तो देह आता घरच्यांच्या हवाली होतो.

जपानमधील सुमो कुस्तीत वजनाला वरची मर्यादा नाही. ओरोरा या नावाने खेळणाऱ्या रशियन मल्लाचे वजन २०१७ मध्ये २९२.६ किलो भरले. सुमोच्या नोंदींत ते सर्वाधिक आहे. पुढच्याच वर्षी त्याने निवृत्ती घेतली. सुमोची निवासी तालीम ही एक व्यवस्था आहे. वरच्या दोन श्रेणींतील मल्लांना कनिष्ठ मल्ल सेवक म्हणून दिलेले असतात. कमरेचे वस्त्र बांधणे, स्नानास मदत करणे, सामान वाहणे ही कामे ते करतात. मान म्हणून दिलेली ही सेवा एवढ्या देहाची गरजही भागवते. निवृत्त मल्लाला ती मिळत नाही, आणि सुमो मल्लांचे आयुर्मान सामान्य जपानी पुरुषापेक्षा कमी असते.

पश्चिम आफ्रिकेतील मॉरितानियात ‘लेब्लूह’ नावाची रूढी आहे. मुलींना विवाहयोग्य दिसण्यासाठी उंटिणीचे दूध व कुसकुस जबरदस्तीने भरवले जाई; ग्रामीण भागात ही प्रथा अद्याप पूर्णपणे गेलेली नाही. येथे इच्छा मुलीची नसून भरवणाऱ्यांची असते, म्हणून तिला ऐच्छिक म्हणणे योग्य नव्हे. याउलट अभिनेते आमिर खान यांनी ‘दंगल’ (२०१६) या चित्रपटासाठी वजन सुमारे ९७ किलोंपर्यंत नेले आणि चित्रीकरणाच्या पुढच्या टप्प्यासाठी ते उतरवले. मुदत आधीच ठरलेली, प्रशिक्षक व आहारतज्ज्ञ दिमतीला आणि वाढ तीस किलोंच्या आतबाहेर, अशी ती गोष्ट होती. अतिवजनवाढीच्या चर्चेत हे उदाहरण वारंवार दिले जाते, परंतु ते फारसे लागू पडत नाही.

पाश्चात्त्य देशांत गेल्या काही दशकांत वजन वाढवणारे ‘गेनर’ आणि त्यांना भरवणारे ‘फीडर’ अशी ओळख सांगणाऱ्यांचे गट दिसतात. बहुतेकांची वाढ मर्यादित राहते. काहींचा उद्देश मात्र इतके वजन गाठण्याचा असतो की पुढे हालचालच बंद व्हावी. अन्न आणणारा, ते किती याचा निर्णय घेणारा आणि शुश्रूषा करणारा ही एकच व्यक्ती असेल, तर पहिल्या दिवशी दिलेली संमती पाचव्या वर्षीही खरी आहे की नाही हे ठरवणे अवघड होते. नकार देण्यासाठीही उठून दारापर्यंत जाण्याची शक्ती लागते.

स्वावलंबन कोणत्या क्रमाने कमी होते

ही घट एकाएकी होत नाही, म्हणून ती व्यक्तीच्या ध्यानात उशिरा येते. प्रथम जमिनीवरून उठणे जाते. पाटावर जेवायला बसणे, देवापुढे मांडी घालणे, भारतीय बैठकीचा शौचकूप वापरणे या गोष्टी टाळल्या जाऊ लागतात. त्यानंतर जिना. एक किलो वजन वाढले की चालताना गुडघ्यावर पडणारा भार सुमारे चार किलोंनी वाढतो असे अभ्यासांत आढळले आहे. पायऱ्यांवर आणि बसता-उठताना तो आणखी असतो. मग पावलापर्यंत हात पोहोचेनासा होतो. नखे कापणे, पायाची जखम पाहणे, चपलेचा पट्टा लावणे ही कामे दुसऱ्याकडे जातात. मधुमेह असल्यास न दिसलेली पायाची जखम हा स्वतंत्र धोका ठरतो.

सर्वांत अवघड टप्पा शौचानंतरच्या स्वच्छतेचा. हात मागे पोहोचत नाही, हे सांगण्यास माणसे इतकी संकोचतात की काही जण पाहुण्यांकडे जाणे किंवा प्रवास करणे यासाठीच सोडून देतात. लांब दांड्याचा स्पंज, पाण्याची फवारणी, उंच व भक्कम कमोड यांनी हा टप्पा काही काळ लांबवता येतो. भिंतीला टांगलेल्या कमोडपेक्षा जमिनीवर पक्का बसवलेला अधिक सुरक्षित असतो.

त्वचेच्या वळ्यांत घाम साठून बुरशीचा संसर्ग होतो. कोकणातील दमट हवेत तो वारंवार उलटतो. वळ्या दररोज धुऊन कोरड्या करणे हाच उपाय, आणि तोच एकट्याने करता येत नाही. पायांना सूज येते, लसिका साठून पाय जड होतात. झोपेत श्वास अडखळल्याने दिवसभर पेंग येते. काहींना रात्री श्वासदाबाचे यंत्र लावावे लागते आणि त्यासाठी वीज अखंड असावी लागते. कोकणात पावसाळ्यात ती तशी असतेच असे नाही.

शेवटचा टप्पा अंथरुणाचा. यात एक उलटा फेरा आहे. हालचाल कमी झाली की स्नायू झपाट्याने क्षीण होतात आणि देह जड असताना त्याला उचलणारे बळ मात्र घटते. आठ-पंधरा दिवसांच्या तापानंतर उठू न शकलेली अतिस्थूल व्यक्ती पुढे कायमची अंथरुणाला खिळल्याची उदाहरणे डॉक्टर सांगतात. कूस बदलता न आल्यास शय्याव्रण होतात, पायांतील शिरांत रक्ताच्या गुठळ्या होऊन त्या फुप्फुसात जाण्याचा संभव वाढतो. वजन वाढवण्याचे प्रमाण ठरवता येते. या फेऱ्यात कधी शिरायचे हे ठरवता येत नाही.

घर आणि परिसर

याच वजनाची व्यक्ती सपाट शहरात जितकी वर्षे स्वतःची कामे करील तितकी रत्नागिरी जिल्ह्यात करू शकेलच असे नाही. येथील वाड्या डोंगरउतारावर वसलेल्या आहेत. घर आणि रस्ता यांच्यामध्ये अनेक ठिकाणी पाखाडी असते, म्हणजे जांभ्या दगडांच्या पायऱ्यांची वाट. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या भागात जून ते सप्टेंबर त्या पायऱ्यांवर शेवाळ धरते. सडपातळ माणसेही त्यावरून जपून उतरतात. जुन्या घरांत ओटी, पडवी, माजघर वेगवेगळ्या पातळीवर असतात, उंबरठे उंच असतात आणि न्हाणीघर व शौचालय कित्येकदा मागील दाराबाहेर असते. घराबाहेर पडल्यावर एस.टी.ची पहिली पायरी गुडघ्याइतकी उंच असते.

शहरातील नव्या इमारतींत उद्वाहकाचा आधार असतो, परंतु त्याचाही हिशेब प्रतिमाणशी ६८ किलो धरून केलेला आहे. सहा माणसांचा उद्वाहक म्हणजे ४०८ किलो. साधी चाकांची खुर्ची बहुधा १०० ते १२० किलोंसाठी असते व तिची बैठक सुमारे ४५ सेंटिमीटर रुंद असते. घरगुती वजनकाटे १५० किलोंच्या आसपास थांबतात. म्हणजे वजन एका टप्प्यापुढे गेल्यावर ते किती आहे हे कळण्याचे साधनही घरात उरत नाही. मोठ्या मापाचे पलंग, खुर्च्या, उचलण्याची यंत्रे मिळतात. मात्र ती मोठ्या शहरांतून मागवावी लागतात आणि जुन्या घराच्या दारातून आत जातीलच असे नाही.

शुश्रूषा करणारे

दीडशे-दोनशे किलोंच्या व्यक्तीला कुशीवर वळवण्यास एक माणूस पुरत नाही. प्रशिक्षित कर्मचारीही हे काम सरकत्या चादरी, पट्टे वा यंत्र यांच्या साहाय्याने आणि दोघे-चौघे मिळून करतात. तसे न केल्यास पाठीच्या दुखापती होतात. आपल्याकडे हे काम बहुधा पत्नी, सून किंवा आई करते आणि त्याला काम असे नावही नसते. कोकणात तरुण मंडळी मुंबईत चाकरमानी आणि गावी वृद्ध, अशी विभागणी अनेक घरांत आहे. तेथे उचलणारे हात मुळातच थोडे.

यासाठी वजनवाढ ऐच्छिक असली तरी नियोजनाचा खरा प्रश्न असा असतो: मुख्य मदतनीस आजारी पडला, नोकरीसाठी गेला किंवा नाते तुटले तर दुसऱ्या दिवशी सकाळी शौचास कोण नेणार? अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातील डोना सिम्पसन यांनी २०१० मध्ये एक हजार पौंड, म्हणजे सुमारे ४५४ किलो वजन गाठण्याचा मनोदय जाहीर केला होता. त्याची जगभर चर्चा झाली. पुढे जोडीदाराशी फारकत झाल्यावर त्यांनी तो सोडून दिला. खर्चाचा प्रश्नही यालाच जोडलेला आहे. वाढलेला देह टिकवण्यासाठीच अधिक आहार लागतो, आणि हालचाल कमी झाल्याने नेमके त्याच वेळी उत्पन्नाचे मार्ग घटतात.

कायद्याचा आधार मर्यादित आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये नमूद केलेल्या २१ प्रकारांत स्थूलतेचा समावेश नाही.

वाहतूक आणि रुग्णालय

अतिस्थूल व्यक्तीला रुग्णालयात नेणे किती मोठे काम असते, हे महाराष्ट्राने २०१७ मध्ये पाहिले. इजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथील इमान अहमद यांना ११ फेब्रुवारी २०१७ रोजी मालवाहू विमानाने मुंबईत आणण्यात आले. त्यांचे वजन सुमारे ५०० किलो असल्याचे सांगितले जात होते आणि सुमारे २५ वर्षे त्या घराबाहेर पडलेल्या नव्हत्या. त्यांची वजनवाढ आजारातून आलेली होती, ऐच्छिक नव्हती. विशेष पलंगासह त्यांना क्रेनने उचलून सैफी रुग्णालयात त्यांच्यासाठी खास तयार केलेल्या कक्षात नेण्यात आले. डॉ. मुफझ्झल लकडावाला यांच्या पथकाने मार्चमध्ये त्यांच्या जठरावर शस्त्रक्रिया केली. वजन नेमके किती उतरले यावरून पुढे डॉक्टर आणि कुटुंबीय यांच्यात जाहीर वाद झाला. मे महिन्यात त्यांना अबुधाबीला हलवण्यात आले व तेथे २५ सप्टेंबर २०१७ रोजी वयाच्या ३७व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

एवढी यंत्रणा प्रत्येकासाठी उभी राहत नाही. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे, पण तिचे स्ट्रेचर सामान्य देहासाठी असते. वाडीवर गाडी जात नसेल तर रुग्णाला डोलीतून किंवा खुर्चीत बसवून पाखाडी उतरवावी लागते. हे चौघांचे काम अतिस्थूल व्यक्तीसाठी आठांचे होते आणि अरुंद पायऱ्यांवर आठ जणांना उभे राहण्यास जागा नसते. रुग्णालयात पोहोचल्यावरही एम.आर.आय. यंत्राची पोकळी ६० ते ७० सेंटिमीटर व्यासाची असते. रक्तदाबाचा पट्टा मोठा लागतो, शीर सापडत नाही, भूल देणे अधिक जोखमीचे होते. या सोयी जेथे आहेत तेथे जायचे तर रत्नागिरीहून आंबा घाटमार्गे कोल्हापूर सुमारे १३० किलोमीटर आणि मुंबई सुमारे ३४० किलोमीटर अंतरावर आहे.

परतीचा मार्ग

अतिवजन उतरवणे शक्य असते, मात्र ते वाढवण्याच्या मार्गाने उलटे चालत जाणे नव्हे. शरीर पूर्वीचे वजन राखू पाहते, भूक वाढते. सैल पडलेली त्वचा, झिजलेले गुडघे तसेच राहतात. आहारनियंत्रण, औषधे आणि जठरावरील शस्त्रक्रिया हे उपाय वैद्यकीय देखरेखीखालीच करायचे असतात. विमा नियामकाच्या नियमांनुसार शस्त्रक्रियेचा खर्च विम्यातून मिळण्यास वय किमान १८ वर्षे, डॉक्टरांचा सल्ला आणि निर्देशांक ४० किंवा गंभीर सहव्याधींसह ३५ अशा अटी आहेत.

वसई येथील सुमारे ३०० किलो वजनाची एक महिला अनेक वर्षे अंथरुणाला खिळून होती. २०१५ पासून टप्प्याटप्प्याने झालेल्या शस्त्रक्रियांनंतर तिचे वजन ८६ किलोंपर्यंत उतरल्याचे तिच्या डॉक्टरांनी २०१९ मध्ये सांगितले. ती स्वतःची कामे स्वतः करू लागली होती. फिजिओथेरपीत असे स्वावलंबन परत मिळवताना वजनाच्या आकड्याआधी छोटी उद्दिष्टे ठेवली जातात: पलंगाच्या कडेला आधाराविना बसणे, दोन मिनिटे उभे राहणे, शौचालयापर्यंतची आठ-दहा पावले.